मंद गतीवर बंद पडणारे ट्रॅक्टरचे इंजिन

कापूस वेचणीच्या हंगामात झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन, पाटण या भागांतून कापसाने भरलेल्या ट्रॉल्या बाजाराच्या वाटेला लागतात. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच इंजिन बंद पडू लागले, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. उतारावर किंवा वळणावर इंजिन थांबल्यास पॉवर स्टिअरिंग एकाएकी जड होते आणि भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर आवरणे कठीण जाते. पुष्कळदा मालक ‘स्लो’चा स्क्रू पिळून गती वाढवितात. त्याने दोष जात नाही, केवळ झाकला जातो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते व तीत उडालेले डिझेल पेट घेते. म्हणजे इंजिनास स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा व पुरता दाब या तीन गोष्टी हव्यात. मंद गतीवर डिझेल अगदी थोडे जाते व फिरत्या चाकाचा जोरही कमी असतो. म्हणून वेगात लपलेला दोष येथे उघडा पडतो.

ट्रॅक्टर सपाट व मोकळ्या जागी, ब्रेक लावून व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढील क्रमाने तपासावा.

(१) इंजिन ओझ्याखाली दम सोडत असेल, तर प्रथम डिझेल फिल्टर व एअर क्लीनर पाहावा. कापसाची तूस व धूळ यांनी एअर क्लीनर लवकर तुंबतो.

(२) काही वेळ चालून बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. त्याने इंजिन नीट चालले, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे.

(३) फिल्टरच्या तळाचा निचरा स्क्रू उघडून पाणी व गाळ काढावा. डब्यात दीर्घकाळ साठविलेले डिझेल गाळूनच भरावे.

(४) इंजिनाने हवा घेतली आहे काय ते पाहावे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. तिचे वॉशर झिजल्यास डिझेल न ठिबकताही हवा आत शिरू शकते. जोड आवळून, इंजिन बंद ठेवून, फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करावा व बुडबुडे थांबेपर्यंत फीड पंपाचा हातदांडा मारावा. नंतर इंजेक्शन पंपावरही तसेच करावे.

(५) एवढ्यावरही इंजिन थडथडत बंद पडत असेल, तर नोझल किंवा कॉम्प्रेशनचा संशय घ्यावा. हे काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे. नोझलची फवार त्वचेत शिरून गंभीर इजा करते. तेथे हात नेऊ नये. पंपाचे सीलही तोडू नये.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना कडक धूरनियम लागू झाले. अशा अनेक ट्रॅक्टरांत कॉमन रेल यंत्रणा असते. तिच्या नळ्या घरी मुळीच सोडू नयेत.

स्लोचा स्क्रू सर्वांत शेवटी, इंजिन तापल्यावर, कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणेच लावावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम गावातील चालकांना प्रत्यक्ष करून दाखवावा. इंजिन थंड असता थांबते की तापल्यावर, धूर काळा, पांढरा की निळा, याची नोंद ठेवून मिस्त्रीस दिल्यास अकारण सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो व ऐन हंगामातील दिवस फुकट जात नाही.