माणूस पळाला, खुर्ची राहिली!

९ जुलै २०२२ रोजी श्रीलंकेच्या जनतेने कोलंबोतील राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचा ताबा घेतला. १३ जुलैला गोताबाया राजपक्षे मालदीवला पळाले. जनता जिंकली, असे आपल्याकडेही अनेकांना वाटले. वकील म्हणून मला मात्र त्यानंतरचा आठवडा अधिक महत्त्वाचा वाटतो.

हेच गोताबाया २०१९ मध्ये ६९ लाख मते घेऊन निवडून आले होते. अनुराधपूरच्या स्तूपापाशी त्यांनी शपथ घेतली आणि आपला विजय सिंहली बहुसंख्याकांचा असल्याचे सांगितले. तथागतांच्या नावाने बहुसंख्याकवाद पोसला गेला. युद्धात बेपत्ता झालेल्या तमिळांच्या माता न्याय मागतच राहिल्या. पुढे करकपातीने तिजोरी रिकामी केली, २०२१ च्या रासायनिक खतबंदीने शेतकरी बुडाला, १२ एप्रिल २०२२ ला परदेशी कर्जफेड थांबली. गॅस आणि पेट्रोलच्या रांगांत सिंहलीही उभा होता, तमिळही.

मग विरोधी पक्ष काय करत होता? ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांना अमर्याद अधिकार देणारी २० वी घटनादुरुस्ती १५६ मतांनी मंजूर झाली. त्यात विरोधी बाकांवरचेही काही हात होते. मे २०२२ मध्ये पंतप्रधानपद स्वीकारण्यासाठी सजित प्रेमदासा अटी घालत राहिले आणि संसदेत ज्यांच्या पक्षाची एकच जागा होती, ते रनिल विक्रमसिंघे पंतप्रधान झाले. म्हणूनच चौकाचौकात घोषणा घुमत होती, '२२५ ही खासदार नकोत!'

पण कायदा घोषणेवर चालत नाही. राष्ट्राध्यक्षाने मुदतीआधी पद सोडले, तर उरलेल्या मुदतीसाठी नवा राष्ट्राध्यक्ष संसद निवडते. २० जुलैला जनतेला नको असलेल्या त्याच २२५ जणांच्या संसदेने १३४ मतांनी रनिल यांना निवडले. प्रेमदासांनी आदल्याच दिवशी माघार घेतली होती. २२ जुलैच्या पहाटे लष्कराने आंदोलकांचे तंबू उखडले. हा कुणाचा विजय?

त्या निवडणुकीत अवघी ३ मते मिळालेले अनुरा कुमारा दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये थेट जनतेच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या. संताप मतपेटीपर्यंत पोहोचला, पण त्याला दोन वर्षे आणि गावोगावची संघटना लागली.

प्रश्न खुर्चीचाही आहे. एकहाती सत्तेचे हे पद १९७८ च्या संविधानाने दिले. १९९४ मध्ये चंद्रिका कुमारतुंगांनी ते रद्द करण्याचे वचन दिले, पाळले नाही. सिरिसेनांच्या काळात १९ व्या दुरुस्तीने कापलेले अधिकार गोताबायांनी २० व्या दुरुस्तीने परत मिळवले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी अध्यक्षीय पद्धती का नाकारली, ते सांगितले होते. स्थैर्यापेक्षा त्यांनी जबाबदारीला, सरकारला रोज जाब विचारता येण्याला, महत्त्व दिले. संतापाने माणूस हटतो. पर्याय तयार नसेल, तर रिकामी खुर्ची प्रस्थापितच भरतात. म्हणून संतापाआधी संघटन!