देव नव्हेत, राजे

ग्वाटेमालाच्या जंगलातल्या पिएद्रास नेग्रास या माया नगरात चुनखडीच्या उंच कोरीव शिळा होत्या. त्यांवरच्या तारखा विसाव्या शतकाच्या आरंभी वाचता येऊ लागल्या होत्या. बाकीची चिन्हं मुकीच होती. माया अभ्यासातल्या एरिक थॉम्पसन यांच्यासारख्या दिग्गजाच्या मते त्यांत माणसांचा इतिहास नव्हताच, होती ती काळाची उपासना.

तातियाना प्रॉस्कुरियाकॉफ शिक्षणाने वास्तुविशारद. या नगराच्या इमारती त्यांनी स्वतः रेखाटल्या होत्या. कोणती शिळा कोणत्या इमारतीपुढची, हे पाहून त्यांनी शिळांचे गट पाडले. गटागटाच्या आरंभी तेच दृश्य दिसलं: उंच कोनाड्यात बसलेली व्यक्ती, खाली शिडी. त्या प्रसंगाच्या तारखेपाशी एक ठरावीक चिन्ह, तर त्याआधीच्या एका तारखेपाशी तोंड वर केलेल्या बेडकासारखं दुसरं. प्रत्येक गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावत होत्या. मग बेडूक म्हणजे जन्म आणि कोनाडा म्हणजे राज्यारोहण! १९६० साली त्यांनी हे मांडलं आणि देव समजल्या गेलेल्या आकृती राजे ठरल्या, झगा घातलेले कित्येक ‘पुरोहित’ स्त्रिया ठरले. एकही चिन्ह उच्चारून न वाचता लागलेला हा शोध मला माया अभ्यासातला सर्वांत देखणा वाटतो.

उच्चारांची वाट अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्येच दाखवली होती, तीही चित्रांच्या आधाराने. माया पोथ्यांत टर्कीच्या चित्राजवळ ‘कु-त्झु’, कुत्र्याच्या चित्राजवळ ‘त्झु-लु’. पहिल्यातलं दुसरं चिन्ह दुसऱ्यात पहिलं येतं, म्हणजे दोन्हीकडे ते ‘त्झु’च, आणि वाचन जुळतं.

याश्चिलान या माया नगरातल्या एका दारावरच्या शिळेत राणी काटेरी दोर जिभेतून ओढते आहे, राजा मशाल धरून उभा आहे. आज आपल्याला तिचं नाव ठाऊक आहे, काबाल शोक. विधीचं वर्षही, इ.स. ७०९. एकोणिसाव्या शतकात ही शिळा लंडनला गेली, पण ती कोणत्या इमारतीतली याची नोंद राहिली. तिथल्याच लेखांवरून ते घर राणीचं होतं, हे कळलं.

अशी नोंद चोर ठेवत नाहीत. १९६० च्या दशकात त्यांनी पिएद्रास नेग्रासच्याच शिळा फोडून बाजारात नेल्या. जुने फोटो आणि रेखाटनं होती, म्हणून त्या ओळखता तरी आल्या. ज्या नगरांची कुणी कधी रेखाटनंच केली नाहीत, तिथून गेलेल्या शिळांवरच्या राजाचं नाव वाचता आलं, तरी तो कोणत्या इमारतीपुढे उभा होता आणि त्याच्या शेजारी कोण होतं, हे आता सांगता येत नाही.