सशाची मादी नराला का नाकारते?

१९ जानेवारी २०१५ रोजी मनिलाहून रोमला परतत असताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी विमानात पत्रकारांशी वार्तालाप केला होता. जबाबदार पालकत्वाविषयी बोलताना, चांगला कॅथोलिक होण्यासाठी सशांसारखी संतती वाढवली पाहिजे असा काहींचा समज आहे, तो चुकीचा आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्यावर जगभर चर्चा झडली. त्या गदारोळात एक छोटीशी तक्रार जर्मनीतून आली. तेथील ससेपालकांच्या मध्यवर्ती संघटनेच्या अध्यक्षांनी पोपमहोदयांना आदरपूर्वक कळवले, की हे वर्णन फार तर रानसशांना लागू पडेल, पिंजऱ्यातील पाळीव सशांना नव्हे. बातमी वाचून अनेकांना हसू आले असेल. ज्यांनी ससे पाळले आहेत त्यांनी मात्र मान डोलावली असणार.

आम्हीही त्यांपैकीच एक. सेमिनरीत असताना बागेच्या कोपऱ्यातील सशांची देखभाल वर्षभर आमच्याकडे होती. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेपेक्षा आम्हाला त्या वर्षी एका पांढऱ्या मादीची अधिक चिंता होती, कारण ती कोणत्याही नराला जवळ येऊ देत नसे. तो अनुभव इतक्या वर्षांनी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीने बचत गटाकडून कर्ज काढून सहा माद्या व दोन नर आणले. फेब्रुवारीत आलेल्या या सशांना मे संपेपर्यंत एकही पिल्लू झाले नाही. कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. ज्याच्याकडून ससे घेतले त्याने फोनवर सांगितले, "माद्या भाकड निघाल्या असतील, काढून टाका आणि नव्या घ्या." नव्या अर्थातच त्याच्याकडूनच घ्यायच्या होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांच्या परसात जाऊन पिंजरे पाहिले, तेव्हा ध्यानात आले की त्या सहा माद्यांपैकी बहुतेकींचा काही दोष नाही.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. गायी-म्हशींना ठरावीक दिवसांनी माज येतो. त्या काळात बीज आपोआप सुटते. सशाच्या मादीचे तसे नसते. तिच्या शरीरात बीज सुटते ते नराशी संयोग झाल्यानंतर, साधारण दहा ते बारा तासांनी. यामुळे "सशाची मादी सदैव तयार असते" असा एक समज पसरला आहे. तो अर्धसत्य आहे. बीज सुटण्यासाठी ते आधी पक्व व्हावे लागते, आणि ते पक्व असते तेव्हाच मादी नराला स्वीकारते. काही दिवस ती राजी असते, मग काही दिवस नसते. या पाळीला गायीसारखा हिशेब मात्र नाही.

ती राजी आहे की नाही हे ओळखण्याची खूण साधी आहे. मादीला हळुवारपणे उलटी धरून तिची निरण पाहावी. ती फिकट, पांढुरकी व कोरडी असेल तर मादी तयार नाही. लालसर, थोडी सुजलेली व ओलसर असेल तर तीच योग्य वेळ होय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ससेपालनावरील ग्रंथात याचे प्रमाण दिले आहे: लाल असताना शंभरातील सुमारे नव्वद माद्या नराला स्वीकारतात, लाल नसताना अवघ्या दहा. आमच्या त्या भगिनीला ही एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती, तर तिचे निम्मे श्रम वाचले असते. ती बिचारी दर रविवारी मिस्साहून आल्यावर सहाही माद्यांना नर दाखवत असे, मग त्यांची इच्छा असो वा नसो.

दुसरी चूक घडत होती ती जागेची. ती नराला उचलून मादीच्या पिंजऱ्यात सोडत असे. मादी आपल्या जागेबद्दल अतिशय जागरूक असते. घरात शिरलेल्या पाहुण्याला ती चावते, ओरबाडते. कधी नराच्या वृषणांना अशी इजा करते की तो कायमचा निकामी होतो. नरही अनोळखी जागेत आधी हुंगत, हनुवटी घासत हिंडतो व वेळ दवडतो. म्हणून मादीलाच नराच्या पिंजऱ्यात न्यावे, आणि तेथील पाण्याची व खाण्याची भांडी तेवढ्यापुरती बाहेर काढावीत. राजी मादी थोडी पळापळ करून थांबते व मागचा भाग उचलते. नराजी असेल तर ती कोपऱ्यात अंग चोरून बसते, शेपूट दाबून धरते, गुरगुरते. चार-पाच मिनिटांत काही घडले नाही तर तिला परत न्यावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा आणावे. रात्रभर दोघांना एकत्र ठेवून "सकाळपर्यंत जमेल" असे म्हणणे धोक्याचे आहे. संयोग झाला की नर एकदम बाजूला कोलमडतो, कधी बारीक ओरडतो. हे सारे काही सेकंदांचे काम असते.

आता खऱ्या कारणांकडे वळू. त्या परसातील दोन माद्या इतक्या लठ्ठ होत्या की पाठीवरून हात फिरवला तर मणके बोटांना लागतच नव्हते. घरातील मुले प्रेमाने चपाती, भात, भिजवलेले हरभरे चारत होती. चरबी वाढलेली मादी नराला टाळते, आणि स्वीकारले तरी गाभ धरत नाही. मध्यम जातीच्या रिकाम्या मादीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खुराक पुरतो. बाकी पोट गवताने व लसूण घासाने भरावे. दोन-तीन आठवडे खुराक आवरावा आणि मग नर दाखवण्याच्या चार-पाच दिवस आधी तो थोडा वाढवावा. शरीराला सुगीची चाहूल लागते व बीज पक्व होण्यास मदत होते. याउलट मणके टोचत असतील तर मादी अशक्त आहे. बहुधा ती पिलांना पाजून दमलेली असते. तिला आधी सावरू द्यावे. मात्र येथेही अतिरेक नको. पिले तोडल्यावर दया येऊन मादीला चार-चार महिने मोकळी ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ती मादी बसून खाते, लठ्ठ होते, आणि पुढे नराला पाहताच पाठ फिरवते.

तीन तरुण माद्या एकाच मोठ्या पिंजऱ्यात होत्या. माद्या एकत्र असल्या की एकमेकींवर चढतात, आणि तेवढ्यानेही बीज सुटते. नराविना सुटलेले बीज फळत नाही, पण शरीराला वाटते की आपण गाभण आहोत. हा खोटा गाभ पंधरा ते अठरा दिवस टिकतो. त्या काळात मादी नराला अजिबात जवळ येऊ देत नाही, आणि शेवटी गवत गोळा करून, छातीचे केस उपटून घरटेही करते. भगिनीने ते घरटे दोनदा पाहिले होते व दोनदा पिलांची वाट पाहिली होती. उपाय सोपा आहे: नर दाखवण्यापूर्वी मादीला किमान अठरा दिवस एकटी ठेवावे. आणि खोटा गाभ संपल्यावर, घरटे मोडले की लगेच तिला नराकडे न्यावे, कारण तेव्हा ती बहुधा राजी असते.

वयाचेही पाहावे. मध्यम जातीची मादी पाच-सहा महिन्यांत, थोराड जातीची आठ-नऊ महिन्यांत तयार होते. वय ठाऊक नसेल तर वजन पाहावे. पूर्ण वाढीच्या तीन-चतुर्थांशाहून ते कमी नसावे. तीन वर्षांवरील मादीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

राहिली सहावी मादी. ती धडधाकट होती, लाल दिसताच नराला स्वीकारत होती, पण गाभ धरत नव्हती. येथे आम्ही नरांकडे पाहिले. दोघेही सिमेंटच्या पत्र्याखाली, थेट पश्चिमेच्या उन्हात होते. सशाला घाम येत नाही. तो कानांवाटे व श्वासावाटे उष्णता बाहेर टाकतो. हवा सतत तीस अंशांवर राहिली की नराचे वीर्य निकृष्ट होते, तो दिसायला उत्साही असला तरीही. नवे बीज तयार होण्यास सात-आठ आठवडे लागत असल्याने उन्हाळा सरला तरी दोष लगेच जात नाही. आपल्या किनारपट्टीवर एप्रिल-मेचा दमट उकाडा पाहता, निम्मे अपयश नराच्या खात्यावर टाकावे असे आमचे मत आहे. पण दोष मादीला लावला जातो. विवाहितांचे समुपदेशन करताना घरोघरीही हेच पाहत आलो आहोत. तपासणीला आधी सून जाते, मुलगा क्वचित.

नरांना आम्ही आंब्याच्या सावलीत खाली आणवले, भोवती ओले गोणपाट टांगले, आणि दुपारी पिंजऱ्यात बर्फ झालेल्या पाण्याची बाटली ठेवण्यास सांगितले. सशे तिला टेकून पसरतात. मग वाट पाहायची होती.

पावसाळा व हिवाळा आला की आणखी एक कारण जोडले जाते, ते उजेडाचे. पाळीव ससा मूळचा स्पेन व दक्षिण फ्रान्सकडच्या रानसशाचा वंशज. तेथे दिवस मोठा होऊ लागला की पिलांचा हंगाम सुरू होतो. (या संदर्भात एक कथा अनेक पुस्तकांत आढळते, की इ. स. ६०० मध्ये पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिले उपवासकाळात खाण्यास मुभा दिली व त्यामुळे मठवासीयांनी ससा माणसाळवला. २०१८ साली संशोधकांनी मूळ लिखाण तपासले, तेव्हा असा आदेशच नसल्याचे आणि तूरचे बिशप ग्रेगरी यांच्या एका उल्लेखाशी गल्लत झाल्याचे दिसून आले. आमच्या सेमिनरीतही ती कथा खरी म्हणून सांगितली जात असे.) आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. मादीला चौदा ते सोळा तास उजेड मिळाला तर ती लवकर राजी होते; संध्याकाळी एक साधा दिवा पुरतो.

एवढे करूनही अडून बसणाऱ्या मादीसाठी अनुभवी पाळणारे एक युक्ती करतात. नर व मादी यांच्या पिंजऱ्यांची काही तासांसाठी अदलाबदल करावी. नराच्या वासात राहिलेली मादी, नर परत आला की पुष्कळदा शांत होते. जागा बदलण्याचाही परिणाम होतो. टोपलीत घालून स्कूटरवरून फिरवून आणलेली मादी राजी झाल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. मादीला हाताने धरून, मागचा भाग उचलून नराला देण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती आम्हाला फारशी रुचत नाही, आणि नराजी मादीत पक्व बीज नसल्याने फळही कमीच मिळते. धरण्यापूर्वी तिचे तळपाय व निरण अवश्य पाहावी. तळव्यांना जखमा असतील तर ती वेदनेमुळे नाकारत असते. निरणेवर फोड वा खपल्या असतील तर तो संसर्ग नराला व त्याच्याकडून इतर माद्यांना होतो. अशा वेळी पशुवैद्यकांकडेच जावे.

संयोगानंतर दहाव्या ते चौदाव्या दिवशी मादीच्या पोटाखाली हलका हात फिरवला तर गोट्यांसारखी पिले जाणवतात. फार दाबू नये. "पुन्हा नर दाखवून पाहू, नाकारले तर गाभण" ही परीक्षा विश्वासार्ह नाही, कारण गाभण मादीही कधी नर स्वीकारते. अठ्ठाविसाव्या दिवशी गवत घातलेली पेटी पिंजऱ्यात ठेवावी. एकतिसाव्या दिवसाच्या आसपास मादी विते.

त्या भगिनीकडे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चार माद्यांनी नर स्वीकारला. मोतमाउलीच्या जत्रेच्या आठवड्यात तिचा फोन आला: पहिल्या मादीला सात पिले, आणि पेटीत केस इतके की मोजताना हात बुडाला. दोन्ही लठ्ठ माद्यांपैकी एक नाताळापूर्वी व्याली. दुसरीने कधीच गाभ धरला नाही. मुलांनी तिचे नाव ठेवले होते, त्यामुळे ती विकली गेली नाही.