सरासरी आणि शिवार

बेंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरी ही वस्ती कनकपुरा मार्गावरील देवालयावरून ओळखली जाते. बदामीच्या बनशंकरीला कुलस्वामिनी मानणाऱ्या मराठी घराण्यांना हे नाव परके वाटू नये. अशा वस्तीतील शाळकरी मुलाला संख्याशास्त्राचा पहिला धडा द्यावयाचा, तर पुस्तकापेक्षा आभाळाकडे बोट दाखविणे अधिक सोयीचे.

बेंगळूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याला त्याहून काहीसा कमी. एवढ्यावरून दोन्ही गावांचा पावसाळा सारखाच, असा ग्रह होईल. आता चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर बारा महिने मांडावे आणि प्रत्येक महिन्याच्या पावसाइतका उंच स्तंभ काढावा. पुण्याचे स्तंभ जूनमध्ये एकदम उंचावतात आणि जुलैत शिखर गाठतात. बेंगळूरचे मे महिन्यातच डोके वर काढतात, जूनमध्ये किंचित खाली बसतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत उंच होतात. बेरजेने झाकलेली गोष्ट आलेखाने उघड केली.

सरासरीचा आणखी एक दोष आहे. २०१७ साली बेंगळूरला सुमारे १,७०० मिलिमीटर पाऊस झाला. २०२२ साली तोही उच्चांक मागे पडला. असे एखादे वर्ष यादीत शिरले की सरासरी फुगते. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा, म्हणजे मध्यक, घेतला तर तो सहसा फारसा हलत नाही.

संभाव्यतेला नाणे पुरते. दहा वेळा उडविल्यास पाच छापे पडणारच, असे मुले छातीठोकपणे सांगतात. वस्तुतः नेमके पाच पडण्याचे प्रकार १,०२४ पैकी २५२, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी!

परंतु हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कार्यात सापडते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर देशात धान्य किती पिकते, हा जीवनमरणाचा प्रश्न झाला होता. सगळे शिवार मोजणे अशक्य. म्हणून निवडक शेतांतील ठरावीक तुकड्याचे पीक कापून, तोलून अंदाज बांधावयाचा. तुकडा लहान असला तर काम स्वस्तात होते आणि अधिक ठिकाणी करता येते. कलकत्त्यास महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. दिल्लीस भारतीय कृषि संशोधन परिषदेत असलेल्या सुखात्मे यांनी मात्र १९४६ च्या सुमारास दाखवून दिले की, फार लहान तुकड्यांमुळे उत्पन्नाचा अंदाज वाजवीपेक्षा जास्त येतो.

कारण साधे आहे. कापणाऱ्याचा हात सीमेवरची रोपे आत ओढतो. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली की परीघ दुप्पट होतो, पण क्षेत्रफळ चौपट. म्हणजे क्षेत्राच्या मानाने सीमा निम्मी उरते आणि चूकही त्याच मानाने घटते. लहान वर्तुळात ती मोठी, आणि तीही बहुधा एकाच दिशेची. अशी चूक कितीही शेते मोजली तरी जिरत नाही. कोठारात नसलेले धान्य कागदावर मात्र दिसत राहते.

बनशंकरीच्या एखाद्या हिरवळीवर दोन फूट आणि चार फूट त्रिज्येची दोरीची कडी टाकून, आतल्या गवताची ठोंबे मोजून मुलांना हे ताडून पाहता येईल. काठावरचे ठोंब आत की बाहेर, यावर भांडण व्हावयाचेच. ते होऊ द्यावे.