कावीळ आणि पोटात कळ : पित्ताचा खडा तर नाही?



डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे लगेच म्हणतात, "कावीळ झाली, पाला आणा." कुणी रस पाजतो, कुणी माळ घालतो. पण प्रत्येक कावीळ सारखी नसते. पोटात कळा येऊन कावीळ झाली, तर पित्ताच्या वाटेत खडा अडकलेला असू शकतो. तो पाल्याने निघत नाही. वाट बघत बसलं तर जिवावर बेततं.

पित्त म्हणजे काय?

अंगावर गांधी उठतात, आंबट ढेकर येतात, त्यालाही आपण पित्त म्हणतो. ते निराळं. हे पित्त यकृतात तयार होतं. बोकडाची जी कलेजी, तेच आपलं यकृत. ते उजव्या बरगडीखाली असतं. त्यात रोज अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार होतो. तेला-तुपाचं अन्न त्याने पचतं. विहिरीचं पाणी हौदात साठवून पाटाने सोडावं, तसा हा रस पित्ताशयाच्या पिशवीत साठतो आणि पित्तनलिकेतून आतड्यात उतरतो.

पिशवीत रस घट्ट होऊन खडे बनतात. पुष्कळांना त्यांचा त्रासही होत नाही. पण एखादा खडा नळीत घसरला की पाट तुंबतो आणि पित्त रक्तात उलटं चढतं.

कसं ओळखावं?

• उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर जोराची कळ. ती पाठीत, खांद्यात जाते.
• डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज.
• हुडहुडी भरून ताप. म्हणजे तुंबलेल्या नळीत जंतूंची लागण झाली. सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

याच खड्याने स्वादुपिंडालाही सूज येते. मग पोट असह्य दुखतं, उलट्या थांबत नाहीत. तेव्हाही तसंच करा.

उपाय काय?

आधी रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात. लागल्यास एम. आर. आय. काढतात. मग गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात. नळीचं तोंड थोडं कापून बारीक जाळीने किंवा फुग्याने खडा ओढून काढतात. याला ई. आर. सी. पी. म्हणतात. जर्मनी व जपानच्या डॉक्टरांनी ही रीत १९७४ मध्ये जगापुढे मांडली. त्याआधी पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता. यातही रक्तस्राव किंवा स्वादुपिंडाला सूज येण्याचा थोडा धोका असतो. डॉक्टरांना तो विचारून घ्या.

खडा निघाला तरी पिशवी नवे खडे धाडू शकते. म्हणून बहुधा नंतर पित्ताशय काढायला सांगतात. घाबरू नका. यकृत रस बनवतच राहतं, माणूस पूर्वीसारखा जेवतो आणि राबतो.

लक्षात ठेवा

१. मुतखड्याचं औषध इथे चालत नाही. ती वाटच वेगळी.
२. नळीत प्लॅस्टिकची बारीक नळी (स्टेंट) ठेवली असेल, तर ती काढण्याची तारीख लिहून घ्या. बरं वाटलं म्हणून विसरू नका. ती तुंबली की दुखणं परत येतं.
३. ही सोय सगळीकडे नसते. निघण्यापूर्वी चौकशी करा. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पाट तुंबला तर आपण रात्रीसुद्धा फावडं घेऊन निघतो. घरच्या माणसासाठी तेवढीच घाई करा.