खुलभर दुधाचा हिशेब

श्रावण लागला की घरोघरी दुधाचा खर्च वाढतो. सोमवारी महादेवाला अभिषेक, उपवासाच्या दिवशी फराळाला दूध, सणाला खीर, आणि आल्यागेल्याचा चहा तर बाराही महिने चालूच असतो. पिशव्या वाढतात, महिन्याची प्राप्ती मात्र होती तेवढीच राहते. अशा वेळी गृहिणी मुकाट्याने दुधात पाणी घालते, आणि बहुतेक घरांत ते पाणी सर्वांआधी तिच्या स्वतःच्या पेल्यात पडते. सणाच्या निमित्ताने भाविक वाचकांनी या पाण्याचा थोडा विचार करावा, अशी विनंती आहे.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजाने नगरातील सगळे दूध देवळात आणविले. घरची मुले उपाशी राहिली, वासरे तान्ही राहिली, तरीही गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरच्या लेकरांना आणि लेकीसुनांना तृप्त केले, गाईवासरांना घातले, आणि उरलेले खुलभर दूध भक्तीने देवाला वाहिले. गाभारा तत्काळ भरून गेला. आपण ही कहाणी दरवर्षी ऐकतो, हात जोडतो आणि उठतो. परंतु तिच्यात एक क्रम सांगितला आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. आधी लेकरू, मग घरची माणसे, मग गोठा, आणि देवाला त्यातून उरलेले. हा क्रम खुद्द महादेवाला मान्य झाला, हेच त्या कहाणीचे मर्म होय.

दुसरा प्रसंग महाभारताच्या आदिपर्वातला आहे. द्रोणाचार्यांच्या घरी दारिद्र्य होते. श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. द्रोणांनी गाय मिळविण्यासाठी पुष्कळ भ्रमंती केली, पण ती मिळाली नाही. तेव्हा सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून ते त्या बालकाला दूध म्हणून पाजले, आणि तो ‘मी दूध प्यालो’ असे म्हणत आनंदाने नाचू लागला. पित्याच्या अंतःकरणात ते शल्य कायमचे रुतले. ते द्रुपदाकडे गेले, तेथे अपमान पदरी आला, आणि त्या अपमानातून केवढे वैर उभे राहिले हे सर्वविदित आहे.

काटकसर आणि फसवणूक यांमधील सीमारेषा या पेल्यातच दिसते. दूध पुरविणे हा गृहिणीचा गुण आहे. परंतु पांढऱ्या रंगालाच दूध मानून लेकरापुढे ठेवले, तर ती काटकसर राहत नाही.

आता थोडे गणित पाहू. पूर्ण सायीच्या पिशवीतील दुधात नियमाप्रमाणे किमान ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घनांश असतो. प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार या घनांशात येतात. या दुधात निम्मे पाणी घातले की स्निग्धांश ३ टक्क्यांवर येतो आणि घनांशही साडेचारांवर उतरतो. याउलट बाजारातील टोन्ड दुधात स्निग्धांश तेवढाच, म्हणजे ३ टक्के, पण घनांश साडेआठ टक्के असतो. कारण तेथे नुसते पाणी घातलेले नसते. साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून घनांश राखलेला असतो. मुंबईच्या दुग्धयोजनेत दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधावर हीच युक्ती योजली आणि थोडे दूध पुष्कळांना पुरविले. १९६३ साली मॅगसेसे पारितोषिकाचा मान ज्यांना मिळाला, त्यांत त्यांचेही नाव आहे. तेव्हा टोन्ड दूध म्हणजे पाणचट दूध, हा समज गृहिणींनी मनातून काढून टाकावा. चहाला, दह्याला आणि कढीला ते उत्तम चालते व स्वस्तही पडते. घरी हीच युक्ती करावयाची असल्यास साय काढलेल्या दुधाची सुमारे १०० ग्रॅम भुकटी कोमट पाण्यात गाठी न होऊ देता कालवावी, लिटरभर करावी आणि घरच्या दुधात निम्मेनिम्म मिसळून विरजण लावावे.

आपल्या आज्या-पणज्यांनी हे शास्त्र टक्केवारीवाचून जाणले होते. तापवलेले दूध निवले की साय काढायची, ती साठवून विरजायची, घुसळायची. लोण्याचे तूप होते आणि ताक उरते. लोणी निघाले तरी प्रथिने आणि चुना बव्हंशी ताकातच राहतात. त्या ताकाची डाळीचे पीठ लावून कढी करावी, पालेभाजी करावी, तांदळाच्या पिठीची उकड करावी. तूप कढविल्यावर तळाशी राहिलेली बेरी कणकेत मळावी. दूध नासले तर ते मोरीत ओतू नये. चोथा गाळून त्याला साखर किंवा मीठमिरची लावावी, आणि खाली राहिलेल्या हिरवट पाण्यात कणीक भिजवावी. भांड्यात दूध ओतण्यापूर्वी ते पाण्याने विसळून घेतले म्हणजे तळाशी कमी लागते. पिशवी कापून रिकामी झाली की चमचाभर पाण्याने खळबळून ते पाणी चहात घालणारी गृहिणी कृपण नव्हे.

सणाच्या पक्वान्नातही तारतम्य ठेवता येते. दोन लिटर दूध निम्म्यावर आटवून बासुंदी केली की लिटरभर पदार्थ पदरात पडतो. तेवढ्याच दुधात तांदळाची अथवा गव्हल्यांची खीर केली तर दाटपणा धान्यातून येतो, दूध फारसे आटवावे लागत नाही आणि पंगतीत दुप्पट पाने वाढता येतात. कोकणात खिरीला नारळाचा रस घालतात, तोही नैवेद्यच आहे.

राहिला देवाचा वाटा. भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात भक्ताकडून जे मागितले, त्यात पान, फूल, फळ आणि पाणी आहे. दुधाचे नाव तेथे नाही. महादेवावर गळतीतून जी संततधार धरतात ती पाण्याचीच. त्या पाण्यात पळीभर दूध घातले तर अभिषेकात काय उणे राहील? आश्विनातील वसुबारसेला अनेक घरांत स्त्रिया गाईचे दूध, दही, तूप, ताक वर्ज्य करतात. त्या दिवशी गाय-वासराची पूजा करायची, आणि तिच्या दुधावर पहिला हक्क वासराचा, हेही आठवायचे.

शेवटी एक शब्द सांगतो. कन्येला संस्कृतात ‘दुहिता’ म्हणतात. निरुक्तकार यास्काचार्यांनी त्याच्या ज्या व्युत्पत्ती दिल्या आहेत, त्यांतली एक ‘दुह्’ म्हणजे दोहणे या धातूपासून आहे. जिच्या नावातच दूध आहे, त्या मुलीच्या पेल्यात मुलाच्या पेल्याइतकेच निर्भेळ दूध पडते का, हे प्रत्येक घराने आपल्या ओट्यापाशी उभे राहून पाहावे. तसेच गरोदर सुनेचे आणि अंगावर पाजणाऱ्या मातेचे. काटकसर करायची ती मोठ्यांच्या चहात, बासुंदीच्या कढईत आणि अभिषेकाच्या चरवीत करावी.

येत्या सोमवारी कहाणी वाचून झाली की आधी लेकीसुनांचे पेले भरावेत आणि मग खुलभर दूध घेऊन देवळाची वाट धरावी.