चाकातील आवाजाचा माग

भिलाई हे पोलाद कारखान्याभोवती आखून वसविलेले नगर होय. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याचा करार १९५५ साली झाला आणि त्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पार पडले. दुर्ग जिल्ह्यातील हा सपाट मुलूख, ‘सेक्टर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहती आणि त्यांना जोडणारे सरळ रुंद रस्ते यांमुळे येथे सायकल हे कामगाराचे स्वाभाविक वाहन ठरले. पाळ्या बदलतात त्या सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता. पहिल्या काही दशकांत या तिन्ही वेळांना मुख्य फाटकाकडे व बोरिया फाटकाकडे जाणारे रस्ते सायकलींनी भरून जात. पुढे स्कूटर व मोटारसायकल आली, तरी कंत्राटी मजुरांच्या हाती सायकल टिकून राहिली. रात्रपाळीला निघालेल्या अशा माणसाच्या चाकातून एकाएकी ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागला, तर त्याच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. हा आवाज निव्वळ तेल मागणारा आहे, की वाटेत आस मोडून पाळी आणि दिवसाची मजुरी बुडविणारा आहे?

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. आवाज कोठून येतो ते ऐकावे आणि तेथे पाहावे. प्रत्यक्षात सायकलस्वाराचा कान या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरतो, आणि त्याला दोन कारणे आहेत. आवाजाची दिशा आपल्याला कळते ती मुख्यतः दोन कानांतील फरकावरून. उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. सायकलीचे मात्र सर्व भाग, म्हणजे पुढचे चाक, पायडलांचा आस, सीट, मागचे चाक, स्वाराच्या शरीराच्या मध्यरेषेतच असतात. तेथून निघालेला आवाज दोन्ही कानांत सारखाच आणि एकाच वेळी पोहोचतो. त्यामुळे तो पुढून आला की मागून, वरून की खालून, हे मेंदूला ठरविता येत नाही. दुसरे कारण सायकलीच्या सांगाड्यात आहे. पोलादातून ध्वनी हवेच्या सुमारे पंधरापट वेगाने जातो, आणि पोकळ नळ्या त्याला तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे मोठा करतात. मागच्या हबमधील कुरकुर हँडलाच्या मुळाशी ऐकू येते, ती यामुळेच. वर्षानुवर्षे कारखान्याच्या गोंगाटात काम केलेल्या माणसाची अडचण याहून मोठी असते. सततच्या मोठ्या आवाजाने उच्च स्वरांची श्रवणशक्ती आधी मंदावते, आणि चाकातील बारीक टकटक नेमकी त्याच पट्ट्यात मोडते. अशा वेळी एखाद्या तरुण सोबत्याला बाजूने सायकल चालवायला सांगणे हा शहाणपणाचा उपाय होय.

तेव्हा दिशेचा नाद सोडून काळाचा आधार घ्यावा लागतो. सायकलीतील प्रत्येक फिरणाऱ्या भागाची गती ठरलेली असते आणि बिघडलेला भाग आपल्या गतीनेच बोलतो. भारतातील नेहमीच्या अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. पुढच्या दातेरी चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असलेली सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली असता दहा सेकंदांत चाकाच्या सुमारे १९ फेऱ्या होतात, पायडलांच्या आठाच्या आत आणि साखळीच्या अवघ्या तीन. साखळीची एक फेरी पायडलांच्या अडीच फेऱ्यांनी पूर्ण होते, कारण तिच्या कड्या ११० च्या आसपास असतात. म्हणून दर अडीच पायडलांनी येणारी टक् ही एखाद्या आखडलेल्या कडीची असते, दर पायडलाला येणारी क्रँकची, कॉटर पिनेची किंवा पायडलाचीच, आणि धावत्या सायकलीवर मोजताना धांदल उडेल इतकी जलद येणारी टक् बहुधा चाकाची. घड्याळ नसले तरी चालते. पाय थांबवून सायकल नुसती घरंगळू दिली आणि आवाज गेला, तर चाके निर्दोष असण्याचा संभव मोठा. मात्र पाय थांबताच फ्रीव्हीलचे कुत्रे कटकटू लागतात आणि बारीक आवाज त्यांच्याखाली झाकला जातो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आवाज चाकाचा आहे असे ठरल्यावर खरी फसगत सुरू होते. सायकल दुकानात नेली जाते, मिस्त्री ती स्टँडवर लावतो आणि अधांतरी झालेले मागचे चाक हाताने फिरवितो. चाक मुकाट्याने फिरते. मालक ओशाळतो, मिस्त्री हसतो आणि दोघेही थेंबभर तेलावर समाधान मानतात. रस्त्यावर आल्याबरोबर आवाज पुन्हा सुरू होतो. यात गूढ काहीच नाही. तो आवाज भाराचा होता आणि स्टँडवर चाकावर भार नव्हता.

भाराने चाकात काय घडते हे समजले म्हणजे आऱ्यांचा आवाज उलगडतो. बैलगाडीच्या चाकात तुंबा खालच्या लाकडी आऱ्यावर उभा असतो. सायकलीच्या चाकात पोलादी तारेचे आरे सर्व बाजूंनी ताणून बसविलेले असतात. हे आरे हबला तिरके लावून एकमेकांवरून नेण्याची युक्ती इंग्लंडमधील जेम्स स्टार्ली याने १८७४ साली पेटंट केली आणि ती आजवर चालू आहे. स्वार बसला की वरचे आरे अधिक ताणले जातात अशी सर्वसामान्य समजूत असते. अमेरिकन अभियंता जॉब्स्ट ब्रँट याने १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सायकलीच्या चाकावरील पुस्तकात दाखवून दिले की मुख्य बदल होतो तो जमिनीलगतच्या मोजक्या आऱ्यांत, आणि तेथे ताण कमी होतो. प्रत्येक आरा चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. कामावर जाऊन-येऊन रोज बारा किलोमीटर जाणाऱ्याच्या चाकात हे दिवसाला सुमारे ५,४०० वेळा आणि तीनशे दिवसांत सोळा लाखांहून अधिक वेळा घडते. जेथे दोन आरे एकमेकांवर टेकतात तेथे प्रत्येक वेळी सूक्ष्म घसर होते. ती जागा कोरडी किंवा गंजलेली असली की टक् उमटते. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत ही तक्रार वाढावी हे साहजिक आहे. येथे तेलाचा एकेक थेंब पुरतो.

परंतु असाच आवाज सैल आऱ्याचाही असतो आणि तो निरुपद्रवी नव्हे. एक आरा सैल झाला की त्याचा वाटा शेजारचे उचलतात आणि हबच्या कडेला जेथे आऱ्याचा बाक असतो तेथे तार थकून तुटते. पारख करण्यासाठी जवळचे दोन-दोन आरे मुठीत दाबून पाहावेत किंवा बोटाने एकेक छेडून पाहावा. एका बाजूचे आरे जवळपास एकाच स्वरात बोलले पाहिजेत. मागच्या चाकाच्या साखळीकडील बाजूचा स्वर थोडा चढा असतो, तो दोष नव्हे. बद्द बोलणारा आरा सापडला की निपल आवळून चाकाचा आऊट पुन्हा काढावा लागतो. रेल्वेचे कर्मचारी डब्यांच्या चाकांवर हातोडी मारून तडा ऐकतात, त्यातले तत्त्व हेच. नव्याने आरे भरलेले चाक पहिल्या फर्लांगभर ‘टिण् टिण्’ करते, ते मात्र निपल आवळताना पीळ खाल्लेल्या तारा सरळ होत असल्यामुळे. तो आवाज पुन्हा येत नाही.

हबचा आवाज वेगळा असतो. मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंस मिळून साधारणतः अठरा छर्रे असतात. ते वाटी आणि कोन यांच्यामधून फिरतात, पण चाकाच्या गतीने नव्हे. छर्ऱ्यांच्या रांगेची एक फेरी होईपर्यंत चाकाच्या दोनांना थोड्या कमी इतक्या फेऱ्या होतात. त्यामुळे फुटलेल्या छर्ऱ्याची टक् चाकाच्या फेरीशी जुळत नाही. ती मध्येच येते आणि मध्येच चुकते. मोजणाऱ्याला मोजता न येणारा आवाज हीच तिची खूण. कोन खाल्लेला असेल तर टक् न येता सलग गरगर येते, आणि स्टँडवर चाक फिरवून स्क्रू ड्रायव्हरचे टोक आसाच्या नटावर व मूठ कानाशी लावली असता ती स्पष्ट ऐकू येते. छर्रे बदलणे स्वस्त पडते. खाल्लेल्या कोनावर नवे छर्रे घालणे हा मात्र पैशांचा अपव्यय आहे.

रिमला लागणारे मडगार्ड, ब्रेकचा सरकलेला रबर, व्हॉल्व्हचा सैल नट हे तोतये आवाज आहेत. व्हॉल्व्ह वर आणून तेथे रिमवर खडूची खूण केली आणि सोबत्याने आवाज त्याच जागी येतो का हे पाहिले, की त्यांचा निकाल लागतो.

राहता राहिला आस, आणि जपायचे ते त्यालाच. मागचा आस मधोमध मोडला तरी चाक लगेच निखळत नाही, कारण त्याचे दोन्ही तुकडे नटांनी सांगाड्यात धरलेले असतात. जोर लावून पायडल मारले असता चाक एका अंगाला ओढले जाते आणि कर्र असा आवाज येतो. उचलून फिरविले तर काहीच नाही. अशा वेळी रिम धरून दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. खेळ जाणवला तर कोन आवळावेत. दोन दिवसांत तोच खेळ पुन्हा आला, तर कोन पुन्हा आवळू नयेत. चाक उतरवून आस बाहेर काढावा आणि काचेवर किंवा सपाट फरशीवर लोळवून पाहावा. मोडलेला आस दोन तुकड्यांत हाती येतो आणि वाकलेला लोळताना उड्या मारतो. दोन्ही प्रसंगी नवा आस घालूनच सायकल रस्त्यावर आणावी.